ताईच्या गुडघ्यासाठी

प्रिय छोटीस,

तुझ्या भाऊजींचा समुद्रापलीकडून प्रभूच्या नावात सलाम. (एकसष्टीला आलेल्या बाईला छोटी म्हणणं शोभत नाही हे मला कळतं. पण तुझ्या माहेरचे सगळे तुला छोटी म्हणत असताना मी एकट्यानेच मॅडम म्हणायचं का?) तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस की कॅलेंडरवर नुसतीच खूण करतेस? साडूसाहेबांचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. थांबला नसेल तर त्यांना सांग, की चर्चमध्ये नेमक्या प्रार्थनेच्या वेळी खोकण्याची त्यांची जागा मी परत येईपर्यंत दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी इथे बरा आहे. म्हणजे जेवतो, चालतो, शिकवतो, आणि कुणी विचारलं तर बरा आहे म्हणतो.

तू रागावली आहेस, हे मला माहीत आहे. तू फोन करतेस, मी उचलत नाही, आणि थोड्या वेळाने ‘मीटिंगमध्ये होतो’ असा निरोप टाइप करून पाठवतो. चौदा महिने चालणारी मीटिंग कसली असते, असं तू विचारलंस, तो प्रश्न योग्य आहे. खुलासा असा, की आधी माझा फोन बिघडला होता, मग कान बिघडला होता, आणि इथे आल्यावर दोन्ही सुधारले तर रेंज नाही. (हे पटत नसेल तर पुढे वाच. पत्राच्या शेवटापर्यंत खरं बोलायचा माझा विचार आहे, पण एकदम जमणार नाही.) ताईच्या कपाटाचं काय करायचं हेही तू तीनदा विचारलंस. त्याचंही उत्तर देतो, पण आधी इथली हकिकत ऐक.

मी इथे आलो तो पंख्यामुळे. त्या रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की परदेशातल्या एका मंडळीला सहा आठवडे इंग्रजी शिकवायला माणसं हवी आहेत, मोठ्या माणसांचा सकाळचा मोफत वर्ग आहे, ही प्रभूची सेवा आहे, कोण तयार आहे? नेमका त्याच वेळी मी हात वर केला, कारण डोक्यावरचा पंखा खडखडत होता आणि तो कुणीतरी हळू करावा अशी माझी इच्छा होती. टाळ्या वाजल्या. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून दोन्ही हात जोडले. अडतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला निवृत्त मास्तर आपणहून उभा राहतो म्हणजे काय! मी हात खाली घ्यायला हवा होता. पण टाळ्या चालू असताना तसं करणं मला बरं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर सहा आठवडे आपल्या घराचं कुलूप स्वतःच्या हाताने उघडावं लागणार नाही, हा विचारही तेवढ्यात मनात येऊन गेला. बेल वाजवली की आतून ‘आले, आले’ ऐकू यायची एकेचाळीस वर्षांची सवय आहे, छोटी. मी अजूनही आधी बेल वाजवतो. शेजारचे बघत नाहीत ना एवढं पाहून घेतो, मग किल्ली काढतो.

आम्ही तिघे आलो. पाळकसाहेब, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरबाई आणि मी. त्या दोघांना गावाच्या त्या टोकाला ठेवलं आणि मला या टोकाला, एका कुलूपवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत. सकाळी नऊला खाली किल्ल्या घासायचं यंत्र सुरू होतं आणि माझे दात आंबतात. खोली स्वच्छ आहे, पण तिच्यात सगळं दोन-दोन आहे. दोन उशा, दोन टॉवेल, दोन कप, दोन खुर्च्या. याला कारण मीच. जाण्याआधीच्या फॉर्मवर विवाहित, अविवाहित, विधुर असे तीन रकाने होते, त्यातला तिसरा मला दिसला नाही. (दिसला.) पहिल्यावर खूण केली, त्यामुळे या लोकांनी जोडप्याची तयारी करून ठेवली. मी दोन्ही कप आळीपाळीने वापरतो. एकच वापरला तर दुसऱ्यावर धूळ बसते, आणि ती मला बघवत नाही. मराठी बोलायची म्हटलं तर पाळकसाहेब आणि सिस्टरबाई फक्त रविवारी भेटतात. बाकी सहा दिवस मी देवाशी बोलतो तेवढीच मराठी. देव ऐकून घेतो, पण मध्ये ‘हं’ म्हणत नाही. ताई म्हणायची. भाजी निवडता निवडता माझं लक्ष नाही असं वाटू नये म्हणून दर वाक्याला ‘हं’.

वर्ग चर्चच्या तळघरात भरतो. तिथे आठवड्यातून एकदा बालवाडी असते, त्यामुळे खुर्च्या बालवाडीच्या. त्यांवर अकरा मोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसतात. त्यातले तिघे तुला सांगण्यासारखे. एक निवृत्त टपालवाला, ज्याने तीस वर्षं लोकांची पत्रं घरोघर पोचवली आणि बहुधा एकही उघडली नाही, कारण सगळी चौकशी तो आता माझ्याकडे करतो. एक शिवणकाम करणारी बाई, जिच्या गळ्यात कायम टेप असतो. आणि एक बस ड्रायव्हर, दाराएवढा उंच, पण फार हळवा. मला वर्ग घ्यायची एकच पद्धत येते. मी हजेरी घेतली, फळ्यावर तारीख लिहिली, आणि सवयीने सांगून टाकलं, की ज्याला बाहेर जायचं असेल त्याने करंगळी वर करावी. त्यांना वाटलं हा इंग्रजी लोकांचा रिवाज आहे. पुढच्या रविवारी भर उपासनेत बस ड्रायव्हरने व्यासपीठाकडे बघत करंगळी वर केली, आणि प्रवचन देणारे तिथले पाळक काही समजेना म्हणून बोलायचे थांबले. मी गाण्याच्या पुस्तकात तोंड घातलं. आता त्या चर्चमध्ये निम्मे लोक करंगळी वर करतात आणि कुणी सुरू केलं ते कुणाला आठवत नाही.

आता मुख्य गोष्ट. तिसरा पाठ होता ‘माझे कुटुंब’. मी खिशातला ताईचा फोटो काढला (निळ्या साडीतला, तुझ्या मुलाच्या लग्नातला) आणि म्हणालो, ही माझी पत्नी. टपालवाल्याने विचारलं, कुठे असते? मी म्हणालो, घरी असते. आता काय करत असेल? मी घड्याळ पाहिलं, तिथल्या वेळेचा हिशेब केला आणि म्हणालो, आता ओट्यापाशी असेल. मग का नाही आली? गुडघा दुखतो, मी म्हणालो, प्रवास झेपत नाही.

हे मी का केलं, ते तुला सांगतो. आपल्याकडे आता मला भेटणारा प्रत्येक माणूस मान जराशी तिरकी करतो, आवाज उतरवतो आणि मग तिचं नाव काढतो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ मानेने, हसून विचारलं, की तुमची बायको काय करते. मला फार बरं वाटलं. त्या तळघरात ती पाच मिनिटं जिवंत होती. खोटं बोललो त्याची लाज वाटायला दुपार उजाडावी लागली.

पण शिवणवाली बाई भाविक. त्यांच्या चर्चच्या दारात प्रार्थनेच्या विषयांची पेटी असते. तिने चिठ्ठी टाकली. रविवारी तिथल्या पाळकांनी त्यांच्या भाषेत लांबलचक प्रार्थना केली. आपल्या पाळकसाहेबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी ते दर थांब्याला खणखणीत ‘आमेन’ म्हणत होते. मीही म्हणत होतो. तेवढ्यात टपालवाला माझ्या कानाशी लागला आणि मीच शिकवलेल्या इंग्रजीत म्हणाला, ‘तुमची बायको. पाय.’ छोटी, मेलेल्या माणसांसाठी आपण प्रार्थना करत नाही, हे रविवारच्या शाळेत पंचवीस वर्षं पोरांना मी घोकून घेतलं आहे. ते आता प्रभूच्या हाती आहेत, आपल्या विनंतीची त्यांना गरज नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. आणि इथे माझ्यामुळे अख्खी मंडळी उभी राहून एका गेलेल्या बाईच्या उजव्या गुडघ्याला आराम पडावा म्हणून देवाला साकडं घालत होती, आणि आपले पाळकसाहेब, ज्यांनी स्वतः तिच्या शवपेटीवर माती टाकली, ते मोठ्याने आमेन म्हणत होते. देवाने ती विनंती कुठल्या फायलीत ठेवली असेल, देव जाणे.

मी तिथेच उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सोमवारी वर्गात पाऊल टाकताच अकराही जणांनी विचारलं, गुडघा कसा आहे? एवढ्या लोकांनी एवढ्या कळकळीने मागितल्यावर ‘काहीच फरक नाही’ म्हणणं म्हणजे त्यांच्या विश्वासाला धक्का. मी म्हणालो, किंचित बरा आहे. टाळ्या! मंगळवारी विचारलं, जिना चढते का? मग जिना, कठडा, पायरी, सावकाश हे शब्द झाले. बुधवारी तेल, गरम पाणी, पिशवी, चोळणे. आज चौथा आठवडा आहे आणि परिस्थिती अशी, की माझा वर्ग हवेबद्दल धड दोन वाक्यं बोलू शकत नाही, पण गुडघ्याबद्दल अस्खलित बोलतो. बस ड्रायव्हरची एका कंपनीत मुलाखत झाली. स्वतःबद्दल सांगा म्हटल्यावर तो घाबरला आणि त्याने साहेबांना ताईच्या गुडघ्याबद्दल सात मिनिटं सांगितलं. (त्याला नोकरी लागली. साहेबांच्या आईचाही गुडघा दुखतो.)

आणि मला त्याची गोडी लागली, हे कबूल करतो. सकाळचा चहा घेताना मी ठरवायचो, आज तिला कुठवर न्यायचं. पहिल्या आठवड्यात न धरता उठवली. दुसऱ्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेली. तिसऱ्यात ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि वर्गाने एका सुरात ‘सावकाश!’ म्हटलं. खऱ्या आयुष्यात नऊ वर्षं तिच्या गुडघ्याची काळजी केली, डॉक्टर बदलले, तेलं बदलली, आणि ती गेली हृदयाने, दोन दिवसांत. त्या हृदयाची आम्ही कधी साधी विचारपूसही केली नव्हती. इथे मात्र सगळं माझ्या हातात होतं. वर्ग संपून खोलीवर आलो की दोन खुर्च्या दिसायच्या आणि सगळं जागच्या जागी यायचं. मग उद्याची सकाळ कधी होते असं व्हायचं.

मागच्या गुरुवारी शिवणवाली बाई वर्ग सुटल्यावर थांबली. ताईसाठी लोकरीची गुडघेपट्टी शिवायची आहे, माप द्या, म्हणाली. मी म्हणालो, माप कुठून देऊ, ती इथे नाही. (एवढं एक वाक्य मात्र पूर्ण खरं.) ती म्हणाली, अंदाजाने सांगा. मी सांगायला गेलो, तर आकडा येईना. मग मी दोन्ही हात पुढे केले आणि नऊ वर्षं तेल चोळताना धरायचो तसा गुडघा धरला. अंगठे वर, बोटं खालून, उजवा हात जरा आत, कारण तिथे सूज असायची. हवेत. बाईने गळ्यातला टेप काढून माझ्या हातांच्या आतून गोल फिरवला आणि आकडा लिहून घेतला. मी हात तसेच धरून बसलो होतो. ती ‘झालं’ म्हणाली तरी मला ते सोडवेनात.

असो. असं इथलं सगळं क्षेमकुशल आहे. सिस्टरबाईंच्या लेकीचे दिवस भरत आल्यामुळे त्या दोन आठवडे आधीच निघत आहेत, गुरुवारी. त्यांच्या हातीच हे पत्र देतो, म्हणजे तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. माझ्या कुंड्यांना पाणी घालतेस त्याबद्दल आभार. तुळशीला जास्त घालू नकोस, ती ताईच्या काढ्यासाठी होती, उगाच माजली आहे. साडूसाहेबांना सलाम, मुलांना आशीर्वाद, तुला आणि तुझ्या रागाला देव शांती देवो.

तुझा, मीटिंगमध्ये असलेला,
भाऊजी

ता. क. : खरं काम राहिलंच. विसावा पाठ आहे ‘टेलिफोनवरील संभाषण’. वर्गाने परस्पर ठरवलं आहे, की या शनिवारी हा पाठ खऱ्या फोनवर, खऱ्या माणसाशी करायचा, म्हणजे ताईशी. प्रत्येकाने एकेक प्रश्न तयार केला आहे. टपालवाल्याने चार केले आहेत. छोटी, तुझा आणि ताईचा आवाज एकच. आमचं लग्न ठरलं तेव्हा शेजाऱ्यांच्या फोनवर तिला समजून मी तुझ्याशी पाच मिनिटं काय काय बोललो होतो, ते तू अजून विसरलेली नाहीस आणि मलाही विसरू देत नाहीस. तर एवढं कर. शनिवारी तुझ्या सकाळी दहाला फोन येईल. तू ताई हो. गुडघा बरा आहे म्हण, सगळ्यांचे आभार मान, आणि हसू आलं तर खोकल्यासारखं कर (साडूसाहेबांकडून शिकून घे). मला ‘भाऊजी’ म्हणू नकोस. ‘अहो’ म्हण.

आणखी एक ता. क. : बुधवार, दुपार. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा लिहितो. वरचा ता. क. रद्द समज. आज शिवणवाली बाई गुडघेपट्टी घेऊन आली. राखाडी लोकरीची, कडेला बारीक टाके. मी ती दोन्ही हातांत धरली आणि ती बरोबर मापाची होती. अगदी बरोबर. आभार मानायला तोंड उघडलं आणि म्हणालो, ती गेली, चौदा महिने झाले. हे मी मराठीत अजून एकदाही म्हटलेलं नाही. लोक आधीच मान तिरकी करून येतात, त्यामुळे माझ्यावर ती वेळच आली नाही. इंग्रजीत सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. टपालवाल्याने टोपी काढली. बस ड्रायव्हरने करंगळी वर केली आणि माझ्या परवानगीची वाट न बघता बाहेर गेला, डोळे पुसत. शिवणवाल्या बाईने माझ्या हातातून पट्टी काढून घेतली. मला वाटलं, रागावली, आणि रागवायला हवंच होतं. तिने मला त्या बालवाडीच्या खुर्चीत बसवलं, गळ्यातला टेप काढला आणि माझ्या डाव्या गुडघ्याचं माप घेतलं. तो दुखतो हे मी कुणाला सांगितलेलं नाही. उठताना भिंत धरतो ते तिने पाहिलं असणार. तिथेच तिने एका बाजूची शिवण उसवली आणि पट्टी मोठी केली. मग टपालवाल्याने विचारलं, रविवारच्या यादीत गुडघ्याच्या जागी आता काय लिहायचं? मी म्हणालो, माझं नाव लिहा.

शेवटचा ता. क., खरोखरच : कपाट. किल्ली पिठाच्या डब्यामागे आहे, पण तू एकटी उघडू नकोस. मी आलो की आपण दोघं मिळून उघडू. निळी साडी तुला, बाकीचं तू म्हणशील तसं. आणि फोनचं खरं कारण. ती गेल्यावर आठव्या दिवशी तू फोन केलास. मी उचलला, तर तू म्हणालीस, ‘जेवलात का?’ मी म्हणालो, ‘हो, तू जेवलीस का?’ आणि मग मला आठवलं. मी फोन ठेवला. त्यानंतर तुझं नाव दिसलं की मी तो वाजून थांबेपर्यंत हातात धरून बसतो, पण उचलत नाही. तू चौदा महिने माझ्यावर रागावलीस ते बरोबर आहे. तुझीही बहीण गेली होती, आणि तुला बोलायला मी हवा होतो. शनिवारी वर्गाचा फोन येणार नाही, वर्गाला आता त्याची गरज नाही. पण मी करणार आहे, दहा वाजता. ताई होऊ नकोस. तुझंच बोल, भरपूर रागाव, मी ‘हं’ म्हणेन. फक्त सुरुवातीला एकदा विचार, जेवलात का. सकाळी दहा ही ते विचारायची वेळ नाही, हे मला माहीत आहे.